कुठे नाही गं, सायकलवर चाललेय

मुंबईत वारा कुठल्या बाजूने येतो हे मला सायकल चालवायला लागल्यावर कळलं. त्याआधी वारा म्हणजे लोकलच्या दारातला, नाहीतर गच्चीत कपडे वाळत घालताना लागतो तो, एवढंच. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई, परीक्षेत दोन मार्कांना यायचं आणि मग विसरून जायचं. आता डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला बाहेर पडलं की तो मतलई वारा खरोखर अंगाला लागतो, हलका, कोरडा, पूर्वेकडून येणारा, आणि दुपारपर्यंत थांबलात तर उलटा फिरलेला असतो. उन्हाळ्यात संध्याकाळी तर वायव्येकडून इतका जोरात येतो की मरीन ड्राइव्हवरनं दादरला परत येताना बरोब्बर तोंडावर. म्हणून एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी निघाले तर मी आधी माहीम-बांद्र्याकडे जाते, म्हणजे पायात जोर असताना वारा समोर आणि येताना पाठीवर. पाठीवर वारा असताना शिवाजी पार्कच्या बाजूने सायकल नुसती सुटते, पायडल मारावंच लागत नाही, आणि तेव्हा वारा जाणवतसुद्धा नाही कारण आपण आणि तो एकाच वेगाने चाललेलो असतो, सगळं अचानक शांत होतं आणि फक्त मागच्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते. हा आवाज मला फार आवडतो.

सायकल म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो तो किती किलोमीटरचा. मग स्पीड किती, मोबाईलवर रेकॉर्ड करतेस का, पुण्याला जाऊन आलीस का, लोणावळा केलंस का. जे करतात त्यांचं मला मनापासून कौतुक आहे, पहाटे चारला उठून ठाण्याच्या पुढे घाट चढून नऊला घरी पोहे खायला हजर असणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण मला सायकल लागते ती वेगळ्यासाठी. कुठे पोचायचं नसतं. सकाळी खाली उतरताना समोरच्या वहिनी विचारतात, कुठे गं एवढ्या सकाळी, आणि मी म्हणते कुठे नाही, सायकलवर. त्यांना सुरुवातीला ते उत्तर अर्धवट वाटायचं. पण खरंच तेवढंच असतं, आणि मला वाटतं मोठ्या माणसाला आपल्या शहरात अशा काही न करता फिरण्याच्या जागा फार कमी उरल्यात, त्यामुळे त्या तासाभराला मी खूप जपते.

माझी सायकल साधी आहे. पुढे टोपली, मागे कॅरिअर, मागच्या चाकाला ७ गिअर, सरळ हँडल, मडगार्ड दोन्हीकडे. मडगार्डशिवाय मुंबईत सायकल घेऊ नका, जून ते सप्टेंबर पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन फिरावं लागेल. टोपलीचा उपयोग तर विचारूच नका, परत येताना दादरच्या फूलबाजारातनं झेंडू, शेवंती, सोनचाफ्याची पुडी, कधी प्लाझा थिएटरच्या मागून भाजी, कधी नुसतेच चार पाव. टोपलीत सोनचाफा असला की सिग्नलला शेजारी थांबलेला टॅक्सीवालासुद्धा मान वळवून बघतो.

वासाचं आणि सायकलचं काय नातं आहे ते गाडीत बसणाऱ्याला समजावणं कठीण. ताशी १२-१५ किलोमीटर हा वेग असा आहे की एका वासातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरलेलं स्पष्ट कळतं, चालताना ते इतकं पटापट बदलत नाही आणि गाडीत काचा बंद. पहाटे माहीमच्या बेकऱ्यांपाशी भाजलेल्या पावाचा, पुढे कॉजवेवर खाडीचा, वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशी सुक्या मासळीचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री सातवीण फुलली की अख्ख्या गल्लीवर तिचा तो जड गोड वास. काहींना त्याने डोकं दुखतं, मला आवडतो. पार्ल्याला जायचे तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला बिस्किटांचा वास यायचा, तो कारखाना १९२९ पासूनचा, २०१६ साली बंद झाला आणि तो वास गेला, अजून तिकडनं जाताना नाक आपोआप शोधतं. एप्रिल-मेमध्ये माटुंग्यात पीतमोहराचा सडा पडलेला असतो, चाक त्यावरून जाताना आवाजच होत नाही.

आणि चढ! मुंबई सपाट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हाजी अलीहून पेडर रोडने केम्प्स कॉर्नरपर्यंत एकदा सायकल नेऊन बघावी. बसमधनं हजारदा गेलेय त्या रस्त्याने, तो चढ आहे हे पायांना कधी कळलं नव्हतं. मलबार हिल-कंबाला हिलची ती काळ्या दगडाची धार शहराच्या पश्चिम कडेने उभी आहे, उंची काही फार नाही, पण गिअर वेळेवर हलका केला नाही तर मध्येच दम लागतो. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर टाकायचा, चढावर जोर देत असताना टाकला तर चेन करकरते. मग पलीकडे उतार, बाबुलनाथच्या बाजूने खाली चौपाटीपर्यंत, तिथे हवेत थोडा गारवा येतो, समोर समुद्र उघडतो आणि ब्रेकवर दोन बोटं ठेवून नुसतं बसून राहायचं. तो उतार जेमतेम मिनिटभराचा आहे. त्या मिनिटासाठी मी तो चढ चढते.

मरीन ड्राइव्ह ३.६ किलोमीटर, सगळ्यांना माहीत असलेली जागा, तिच्याबद्दल काय लिहायचं असं वाटतं पण सायकलवरून ती वेगळी दिसते. समुद्राकडे सगळेच बघतात, मी इमारतींकडे बघते. केवल महाल, कपूर महाल, झवेर महाल, पुढे चर्चगेटच्या कोपऱ्यावर सूना महाल, सगळ्या १९३० च्या दशकातल्या, गोल कोपरे, गोल गॅलऱ्या, आणि नावांची ती अक्षरं, त्या काळची, सरळ रेघांची. २०१८ साली युनेस्कोने या भागातल्या अशा गोल कोपऱ्यांच्या, आर्ट डेको शैलीतल्या इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडच्या हायकोर्ट-युनिव्हर्सिटीसारख्या गॉथिक इमारती मिळून जागतिक वारसा जाहीर केला, तेव्हापासून मुद्दाम बघायला येणारे वाढलेत. पण फुटपाथवरून मान वर करून बघताना झाडं मध्ये येतात, आणि गाडीतून तर नाव वाचेपर्यंत पुढची बिल्डिंग. सायकलवर बरोबर एक नाव वाचून होतं तेवढ्यात दुसरं येतं. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला रस्ता इतका मोकळा असतो की मी मोठ्याने वाचत जाते.

सायकल हे मुंबईत कामाचं वाहन आहे हे मात्र विसरून चालत नाही. आम्ही हौशी लोक रविवारी दिसतो, रोज दिसतात ते वेगळे. पहाटे साडेपाचला रस्त्यावर माझ्याबरोबर कोण असतं बघा: पाववाला, मागे दोन्ही बाजूंना टोपल्या नाहीतर निळ्या प्लास्टिकने झाकलेला मोठा करंडा. इडलीवाले अण्णा, कॅरिअरवर ॲल्युमिनियमचं भलंमोठं पातेलं, हँडलला चटणी-सांबारची भांडी लटकवलेली आणि रबरी भोंग्याचा पों पों. पेपरवाली पोरं. थोड्या वेळाने दूधवाले, दहानंतर डबेवाले, हँडलला दोन्हीकडे डबे, मागे डबे आणि तरी तोल असा की बघत राहावं. रात्री समुद्रावर सायकलला थर्मास अडकवून चहा विकणारे. आणि तो धारवाला, सायकल स्टँडवर चढवून पायडल मारतो आणि पुढे हँडलपाशी सहाण फिरते, त्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार. ही माणसं सायकल चालवतात ते बघून मी खूप शिकलेय. ती कधी घाईत वळत नाहीत, वळायच्या आधी हात दाखवतात, उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहतात कारण कुठला दरवाजा कधी उघडेल सांगता येत नाही, आणि पाण्याच्या डबक्यात चाक घालत नाहीत, खाली झाकण आहे की नाही कोणाला माहीत. अण्णांना ओव्हरटेक करायचं असेल तर मी आधी घंटी वाजवते, लांबून, आणि पुरेशी जागा सोडून जाते. त्यांच्या कॅरिअरवर दिवसाची कमाई असते.

आमच्या गल्लीच्या टोकाला सायकलवाले काका आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. पत्र्याची टपरी, समोर एक घमेलं पाण्याचं, भिंतीला टायर लटकवलेले, आणि डब्यांत छर्रे, नट, व्हॉल्व्ह, सगळं साईजप्रमाणे वेगळं. त्यांना पंक्चर काढताना बघणं हा माझा आवडता उद्योग. टायर एका बाजूने रिंगेतून सोडवायचा, ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरून घमेल्यात बुडवत बुडवत फिरवायची, बुडबुडे आले की तिथे काडीने खूण, पुसून कोरडी, मग किसणीने घासायची, सोल्युशन लावून थांबायचं, हे थांबणं महत्त्वाचं, ओलं असताना तुकडा लावला की दोन दिवसांत सुटतो, आणि मग जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा वर दाबून हातोडीने हलकेच ठोकायचं. शेवटी टायरच्या आतून बोटं फिरवून बघायचं, काच किंवा तार अजून अडकलेली आहे का. घाईत असलेली माणसं हे शेवटचं विसरतात आणि तासाभरात परत येतात. सायकलचा हवेचा टायर डनलॉपने बेलफास्टमध्ये १८८७-८८ च्या सुमाराला स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीसाठी केला, म्हणजे सुरुवातच एका पोराच्या मजेपासून झाली, याचं मला फार बरं वाटतं.

काकांचं एक ठाम मत आहे. "ताई, लोक सायकल वापरून खराब करत नाहीत, ठेवून खराब करतात." खरंय ते. आपल्या हवेत मीठ आणि दमटपणा, आठवडाभर चेनकडे बघितलं नाही की तांबूस होते. मी आल्यावर जुन्या बनियनच्या फडक्याने चेन पुसते आणि अधूनमधून तेलाचे थेंब एकेका कडीवर, जास्त नाही, जास्त तेलाला धूळ चिकटते. पावसाळ्यात समुद्राच्या लाटेचं पाणी उडलं असेल तर आधी साध्या पाण्याने धुऊन मगच पुसायची. हवा दर आठवड्याला, किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, कमी हवेवर चालवलं की खड्ड्यात रिंग ट्यूबला चावते. आणि चाक डुगडुगायला लागलं तर वेळेवर आऊट काढून घ्यायचा. काका चाक उलटं धरून फिरवतात, डोळा बारीक करतात आणि एकेक तार अर्धा आटा घट्ट, अर्धा आटा सैल, थोड्या वेळात चाक सरळ. मला ते कितीही वेळ बघत उभं राहता येईल.

वरळीला हिंद सायकल मार्ग नावाचा रस्ता आहे, तुम्ही कदाचित गेला असाल. तिथे खरंच सायकलचा कारखाना होता, हिंद सायकल्स. १९८० मध्ये संसदेने कायदा करून ती कंपनी आणि बंगालमधली सेन-रॅले या दोन्ही ताब्यात घेतल्या होत्या. आता बहुतेक सायकली लुधियानाकडून येतात आणि इथे फक्त पाटी उरलीय. मी त्या रस्त्यावरून जाते तेव्हा मुद्दाम हळू होते. मुंबईत बनलेली सायकल माझ्या आजोबांकडे होती असं आई सांगते, काळी, पूर्ण चेनकव्हरची, पुढे डायनॅमोचा दिवा, आणि दांड्यावर बाबा-काकांपैकी ज्याचा नंबर असेल तो. गिरणीची पाळी सुटल्यावर लालबागेतून सायकलींचा लोंढा निघायचा असं ती म्हणते.

आता मनोरी. याबद्दल जास्त लिहिणार आहे कारण ही माझी सगळ्यात लाडकी राईड आहे.

माझी ताई मालाडला राहते. शनिवारी रात्री सायकल घेऊन तिच्याकडे मुक्काम, रविवारी पहाटे भाच्याला उठवायचं. तो कॉलेजात आहे, उठायला कुरकुरतो पण एकदा बाहेर पडला की सगळ्यात पुढे. मार्वे जेट्टीला जायचं, तिथून खाडी ओलांडायला बोट. माणसं, मोटरसायकली, भाजीच्या टोपल्या, शाळेची मुलं आणि आमच्या सायकली, सगळं एकत्र. सायकल उचलून बोटीवर चढवताना कोणीतरी न सांगता मागचं चाक धरतं, आजवर नेहमीच धरलंय. काही मिनिटांत पलीकडे, आणि त्या काही मिनिटांत शहर संपतं. खरंच संपतं. मनोरीला उतरलं की अरुंद रस्ता, दोन्हीकडे नारळ-ताडाची झाडं, ईस्ट इंडियन लोकांची, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी ख्रिश्चनांची, लाकडी ओटीची घरं, चौकाचौकात क्रूस, त्याला झेंडूचा हार घातलेला. ओट्यावर बसलेली म्हातारी मराठीच बोलते पण तिच्या सुरात, ऐकायला इतकं गोड की मी मुद्दाम रस्ता विचारते, माहीत असला तरी.

मनोरीहून गोराई, गोराईहून उत्तन. रस्त्यात गोराईला पॅगोडाचा सोनेरी घुमट झाडांवरून दिसत राहतो, कधी डावीकडे कधी उजवीकडे. उत्तनच्या जवळ आलं की पुन्हा वास. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने, रांगाच्या रांगा, वारा आला की सगळे एकदम हलतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात होड्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या, गाव आळसावलेलं. नारळी पौर्णिमेनंतर सगळं परत सुरू आणि पाऊस उघडला की मांडव भरायला लागतात, म्हणून ही राईड मी ऑक्टोबरच्या पुढेच सांगेन. भाचा तिथे दरवेळी म्हणतो, "मावशी, इथेच राहूया ना आज," आणि मग भूक लागली की स्वतःच सायकल वळवतो. उत्तनच्या समुद्रावर खडक आहेत, तिथे सायकली टेकवून बसायचं, घरून आणलेलं थालीपीठ खायचं. त्या रस्त्यावर एक सूचना: वळणावर गाड्या जोरात येतात, विशेषतः दहानंतर हॉटेलांकडे जाणाऱ्या, तर डावी कड धरा आणि परतीची बोट लवकर पकडा.

बोरिवलीचं नॅशनल पार्क सगळ्यांना माहीत आहे, आत सायकली भाड्याने मिळतात, त्यामुळे स्वतःची नसली तरी चालतं. गेटपासून कान्हेरीपर्यंत साधारण सहा किलोमीटर, शेवटी शेवटी चांगला चढ. शंभराहून जास्त लेणी आहेत वर, दगडात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी पाऊस साठवायची सोय केलेली. सायकलने दमून वर पोचलेल्या माणसाला त्या टाक्यांचं महत्त्व जास्त कळतं एवढंच सांगते. उतरताना माकडांपासून सावध राहा, टोपलीत खायचं काही उघडं ठेवू नका.

शिवडी जवळची. दादरहून अर्ध्या तासात जेट्टी. थंडीपासून मेपर्यंत फ्लेमिंगो असतात पण भरती-ओहोटी बघून जावं लागतं, आणि त्यासाठी आजोबांनी शिकवलेला हिशोब अजून चालतो: भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती बाराच्या सुमाराला येते, म्हणजे सकाळी सहाला पाणी पार आत गेलेलं आणि आठ-नऊला ते परत चढायला लागलेलं. पाणी चढतं तसे पक्षी चिखल सोडत सोडत किनाऱ्याकडे सरकतात आणि अगदी जवळून दिसतात. मोबाईलवर वेळा मिळतात हो, पण पाऊणपट करून गेलं आणि बरोबर निघालं की आनंद वेगळा.

सी लिंकवर, कोस्टल रोडच्या गाड्यांच्या रस्त्यावर, अटल सेतूवर सायकलला परवानगी नाही. सी लिंक बंद म्हणून मी बांद्र्याला माहीम कॉजवेने जाते, आणि तो रस्ता मला जास्त आवडतो. १८४० च्या दशकात तो बांधला गेला तेव्हा खर्च जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाईंनी दिला होता, त्याआधी लोक होडीने खाडी ओलांडायचे. एका बाईने दिलेल्या पैशावर झालेल्या रस्त्यावरून मी बाई सायकल चालवत जाते, दरवेळी मनात त्यांना नमस्कार करते.

आणि पवईबद्दल एकदा स्पष्ट लिहायचं होतं. तलावाच्या कडेने सायकल ट्रॅक होणार होता, २०२२ मध्ये हायकोर्टाने तो बेकायदेशीर ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. माझ्या ओळखीतले काही सायकलवाले तेव्हा हळहळले. मला तो निकाल पटला. पाणथळ जागेत भराव घालून केलेल्या रस्त्यावर सायकल चालवून मला मजा येणार नाही, जे बघायला आपण सायकलवर बाहेर पडतो तेच बुजवून काय मिळवायचं. सायकलला जागा हवी असेल तर ती गाड्यांच्या रस्त्यातून मिळायला हवी, तलावातून नको. याबाबतीत माझं मत बदलणार नाही.

पावसाळ्यात मी बंद करत नाही. रिमझिम असेल तर रेनकोटपेक्षा भिजणंच सोपं, घरी येऊन आंघोळ करायचीच असते. फक्त झेब्राचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि पुलावरच्या लोखंडी पट्ट्या यांच्यावर वळायचं नाही, सरळ जायचं आणि ब्रेक त्याच्या आधीच लावायचा. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर चाक आत जातं, तिथे लांबूनच वळसा. मोठ्या भरतीच्या दिवशी मरीन ड्राइव्हला सायकल नेऊ नका, ती लाट गंमत नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा बाराही महिने, हेल्मेट बाराही महिने.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण त्या समोरच्या वहिनी. पन्नाशी ओलांडलीय त्यांनी, नातू झालाय, आणि महिन्यापूर्वी एका सकाळी मी खाली उतरताना त्यांनी नेहमीसारखं कुठे गं न विचारता एकदम विचारलं, "मला शिकवशील?" लहानपणी भावांना तासावर भाड्याची सायकल मिळायची, त्यांना नाही मिळाली. तेवढंच बोलल्या. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी काकांकडे गेले.

मोठ्या माणसाला शिकवायची पद्धत वेगळी, ही मी वाचून आणि काकांशी बोलून ठरवली. मागून सीट धरून पळायचं नाही. पायडल काढून टाकायचे, सीट इतकी खाली की दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला, आणि मग पायांनी ढकलत ढकलत चालायचं, हळूहळू लांब ढांगा, मग पाय उचलून थोडं तरंगायचं. तोल आधी, पायडल नंतर. जगातलं पहिलं दोन चाकांचं यंत्र असंच होतं, जर्मनीत कार्ल ड्राइसने १८१७ मध्ये केलेलं, त्याला पायडल नव्हतेच, लोक पायांनी ढकलत जायचे. काकांनी पायडल काढताना वहिनींना दाखवलं की उजवा नेहमीसारखा फिरतो पण डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, नाहीतर चालवता चालवता आपोआप सैल झाला असता. वहिनींनी पाना हातात घेऊन स्वतः काढून बघितला.

सोसायटीच्या आवारात सकाळी गाड्या निघायच्या आधी आमचा क्लास. पहिल्या आठवड्यात त्या म्हणायच्या, "पाय उचलले की पोटात गोळा येतो गं." मी म्हटलं, वहिनी, खाली बघू नका, गेटकडे बघा, सायकल जिथे बघाल तिथे जाते. वॉचमन काका गेटपाशी उभे राहून दोन्ही हातांनी या या करतात. आता जिन्यापासून गेटपर्यंत पाय न टेकता येतात त्या, वळतातसुद्धा, आणि वळून झालं की आधी वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघतात, तिथे अहो चहाचा कप घेऊन उभे असतात.

शनिवारी काका पायडल परत बसवून देणार आहेत. रविवारी आम्ही माटुंग्याच्या फाईव्ह गार्डन्सला जाणार, तिथले रस्ते रुंद, मोठ्या झाडांची सावली, चढ-उतार नाही आणि सकाळी गाड्या कमी. तिथपर्यंत सायकल हातात धरून चालत न्यायची असं ठरलंय, सीट अजून इंचभर खालीच ठेवायची असंही ठरलंय, आणि वहिनींनी स्वतः जाऊन नवी घंटी आणलीय, पितळेची, मोठ्या आवाजाची.